सत्तरातून वजा

ताशी ऐंशीला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतेराशेवर असायला हवा होता. तो साडेबाराशेच्या जेमतेम पुढे होता आणि तिथेच निवांत बसला होता.

मास्तरांनी डोळे बारीक केले, मग चष्मा पुसला, मग काट्यावरची काच पुसली. काट्याने जागा सोडली नाही.

"वेग खरंच ऐंशी आहे ना?" त्यांनी चालकाला विचारलं.

"समोर दिसतंय की."

"समोर दिसतंय त्यावर माझा विश्वास नाही." मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ आणलं आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर नजर ठेवली. एक दगड गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. दर पंचेचाळीस सेकंदांना एक. म्हणजे ऐंशीच.

चालक हा ट्रक सहा वर्षं हाकत होता. गिअरबॉक्सचं काम झाल्यावर आजची ही पहिली फेरी, आणि तो खुशीत होता. "गाडी अगदी पहिल्यासारखी झाली बघा, मास्तर. टॉपला टाकली की इंजिन असंच शांत बसायचं."

'पहिल्यासारखी' हा शब्द मास्तरांनी मनात टिपून ठेवला. गिऱ्हाईक न विचारता खूश होतं, तेव्हा त्याला कोणीतरी पढवलेलं असतं, असा त्यांचा अनुभव होता. अनुभव म्हणजे अर्थात त्यांचा त्यांनीच काढलेला निष्कर्ष.

साडेबाराशेच्या पुढे म्हणजे बाराशे सहासष्टच्या आसपास. आणि कारखान्याच्या वहीप्रमाणे हवे होते तेराशे सेहेचाळीस. मधले ऐंशी फेरे गेले कुठे?

मास्तरांना कारखान्यात सगळे सत्तरमास्तर म्हणायचे. जड ट्रकांचे गिअरबॉक्स उघडायचे, झिजलेलं काढायचं, चांगलं घालायचं, असं तिथलं काम. या बनावटीच्या पेटीत चाकांचे फिरते दांडे, म्हणजे शाफ्ट, एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर बसवलेले. अंतर बदलत नाही, म्हणून एकमेकांत अडकणाऱ्या दोन चाकांच्या दातांची बेरीजही बदलत नाही. मागे जायचा गिअर सोडला तर कुठलीही जोडी घ्या, बेरीज सत्तर. एकाला तीस असले तर दुसऱ्याला चाळीस. ही गोष्ट मास्तरांनी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवली होती की ते दारात दिसले की लेथवरची बाई आपणहून म्हणायची, "हो मास्तर, सत्तरच आहेत."

त्यामुळे मास्तर जोडीतलं एकच चाक मोजत, लहान असेल ते. मोठ्याचे दात सत्तरातून वजा करून लिहीत. तीस वर्षांत यातून वाचलेल्या वेळाचाही हिशेब त्यांच्याकडे होता आणि तो ऐकण्यात समोरच्याचा तितकाच वेळ जाई.

या ट्रकचा हिशेब तर त्यांना तोंडपाठ होता. इंजिनाकडचं चाक या बनावटीत कायम तीस दातांचं, त्याला लागलेलं खालच्या शाफ्टवरचं चाळीसचं. चाळीस भागिले तीस, एक पॉइंट तीनशे तेहतीस. मग ओव्हरड्राइव्हची जोडी, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर: मागच्या शाफ्टवर सव्वीस, खालच्यावर चव्वेचाळीस. सव्वीस भागिले चव्वेचाळीस, पॉइंट पाचशे एक्क्याण्णव. दोन्हींचा गुणाकार पॉइंट सातशे अठ्ठ्याऐंशी. इंजिनाचा एक फेरा पुरा व्हायच्या आतच मागचा शाफ्ट आपला फेरा मारून मोकळा, आणि ओव्हरड्राइव्ह ओव्हरड्राइव्ह म्हणतात ते एवढंच.

ऐंशीच्या वेगाला या ट्रकचा मागचा शाफ्ट मिनिटाला सतराशे आठ फेरे घेई. टायरचा घेर मास्तरांनी स्वतः जमिनीवर खडूने आखून घेतला होता, तिथे चूक शक्य नव्हती. कारखान्यात परतल्यावर त्यांनी बाराशे सहासष्टला सतराशे आठने भागलं. पॉइंट सातशे एक्केचाळीस. हे उत्तर एकाच जोडीचं. पंचवीस आणि पंचेचाळीस.

म्हणजे वहीत सव्वीस, आणि ट्रकमध्ये पंचवीस.

आणि ही पेटी जोडली होती जावयाने.

आता जावयाबद्दल. तो आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात आला. हात स्वच्छ, बोलणं कमी, काम नीट. मास्तरांना यातली तिसरी गोष्ट आवडली आणि पहिल्या दोन खटकल्या. कमी बोलणारा माणूस बाकीचं कुठे ठेवतो, हा त्यांचा सवाल होता. जावई त्यांना मामा म्हणे, ते त्याला जावईबापू म्हणत, आणि या गोड हाकांच्या मध्ये गिअरखोलीची किल्ली मास्तरांच्या कमरेला लटकत असे. किल्ली ज्याच्याकडे, त्याने चाकं मोजायची आणि वही लिहायची. जावयाला एकेक चाक मागून घ्यावं लागे.

मागच्या सोमवारी लेकीने विषय काढला होता. ती कारखान्यातच काचेच्या केबिनमध्ये बसून फोन आणि गाड्यांच्या वेळा सांभाळायची. "बाबा, यांना दुसऱ्या गावच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्ही किल्ली दिलीत तर आम्ही राहतो. नाही दिलीत तर जातो."

"धमकी देतेस?"

"वेळ सांगतेय. ते माझं कामच आहे."

मास्तरांना लेक जायला नको होती. केबिन रिकामी दिसेल या कल्पनेनेच त्यांची भूक मेली होती. पण किल्ली म्हणजे काय घराची नव्हती, लोभाने द्यायला. आज गुरुवार, आणि आजच हे ऐंशी फेरे गहाळ.

सव्वीस-चव्वेचाळीसची जोडी दुर्मीळ. चढावर ओढायला बरी, म्हणून खाणीवरचे ट्रकवाले ती शोधत फिरतात. ती काढून साधी पंचवीस-पंचेचाळीसची घातली, तर गिऱ्हाइकाला पत्ताही लागणार नाही. चालक तर वर खूश. गंमत म्हणजे गेल्या अडीच महिन्यांत अशा दुर्मीळ जोड्या एक नाही, चार आल्या होत्या. मास्तरांनी ते आपल्या कारखान्याच्या नावलौकिकाच्या खाती टाकलं होतं.

दुपारी जावई बाहेर एका ट्रकवर पेटी चढवायला गेला, तसे मास्तर कामाला लागले. आधी चिठ्ठ्यांचं पुस्तक. प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळ्या गिअरांची गणितं लिहिलेली चिठ्ठी जाई, आणि खाली कार्बनची प्रत राही. चिठ्ठी मास्तर लिहायचे. या ट्रकच्या प्रतीवर अक्षर जावयाचं होतं. टॉप गिअर: पॉइंट सातशे एक्केचाळीस.

म्हणजे त्याला ठाऊक होतं.

मास्तरांनी मागची पानं उलटली. ते टपोरं, उजवीकडे न झुकणारं अक्षर पुन्हा भेटलं, पुन्हा भेटलं. अडीच महिन्यांत अकरा चिठ्ठ्या. मास्तरांची मूळ पानं फाडलेली, बुडखे तेवढे शिल्लक. त्याआधीच्या पानांवर मात्र एकही खोट नाही. मास्तरांना लेकीसाठी वाईट वाटलं आणि त्याच वेळी आपलं बरोबर निघाल्याचा एक लहानसा आनंदही झाला. दोन्ही एकदम होणं बरं नाही, एवढं कळण्याइतके ते सज्जन होते.

मग जावयाचा हत्यारांचा डबा. दुसऱ्याचा डबा उघडायचा नाही, हा कारखान्याचा नियम मास्तरांनीच केलेला. नियम करणाऱ्याला तपासणीचा अधिकार असतो, असं त्यांनी डब्याच्या झाकणाला समजावलं आणि ते उघडलं. पाने आकाराप्रमाणे लावलेले. तळाशी वंगणकागदात गुंडाळलेली एक छोटी वही. त्यात तारखा, ट्रकचे नंबर आणि दोन रकाने: 'वहीत' आणि 'पेटीत'.

वहीत सव्वीस, पेटीत पंचवीस. वहीत एकोणतीस, पेटीत अठ्ठावीस. वहीत बावीस, पेटीत एकवीस.

चोराने ठेवलेला हिशेब असाच असणार. काय दाखवलं आणि काय घातलं. मास्तरांनी अकराच्या अकरा ओळी वाचल्या, वही पुन्हा गुंडाळली, डबा बंद केला आणि आपल्या स्टुलावर येऊन बसले. लेक केबिनमधून बघत होती.

"काय शोधताय, बाबा?"

"काही नाही. पाना."

"तुमच्या हातात आहे तो?"

मास्तरांनी हातातला पाना खिशात घातला.

एक गोष्ट मात्र त्यांना टोचत राहिली. अकरा वेळा, आणि दर वेळी एकच दात कमी. चोर माणूस दोन दात मारील, तीन मारील, कधी चुकून एखादा जास्त घालील. हा असा कसा नेमाचा? पण मास्तरांनी त्यावरही तोड काढली. एका दाताचा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून. जावई कमी बोलतो, चोरीही कमी-कमी करतो. स्वभावच तो.

त्यांना आता पुरावा हवा होता, तोही लेकीसमोर. त्याच बनावटीची एक पेटी बाकावर बंद पडून होती, अजून कोणी तिला हात लावला नव्हता. मास्तरांनी ती स्वतः उघडली, ओव्हरड्राइव्हची दोन्ही चाकं काढली, लहान चाक मोजलं. सव्वीस. पाचवी दुर्मीळ जोडी. वहीत लिहिलं: सव्वीस, चव्वेचाळीस. मग दोन्ही चाकं फडक्यात बांधून गिअरखोलीच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं. जावई परतला तेव्हा ते ताकास तूर लागू न देता चहा पीत होते.

"पेटी बसली, मामा."

"बसली ना? छान. उद्या सकाळी जरा लवकर या, जावईबापू. एक मोजणी आहे."

जावयाने एकदा केबिनकडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या हाताकडे. "बरं," म्हणाला. ते पाहणंही मास्तरांनी मनात टिपलं.

शुक्रवारी सकाळी कारखान्यात तिघंच होती. लेथवरची बाई अजून यायची होती. मास्तरांनी लेकीला केबिनमधून बोलावून घेतलं.

"मला कशाला?"

"साक्षीला."

"लग्न लावताय की मोडताय?"

"ते दातांवर आहे," मास्तर म्हणाले. कपाट उघडलं, फडकं सोडलं आणि लहान चाक बाकावर ठेवलं. "जावईबापू, मोजा. मोठ्याने."

जावयाने चाक हातात घेतलं. एका खाचेत तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवला आणि तिथून सुरुवात केली. प्रत्येक दाताला बोट लावत तो सावकाश फिरला. तार पुन्हा आली तेव्हा तो पंचवीसवर होता.

"पंचवीस," तो म्हणाला.

मास्तर हसले. सापळ्याची कडी पडली की माणूस हसतो तसे. "पुन्हा मोजा."

"पंचवीसच आहेत, मामा."

"हे चाक काल दुपारपासून माझ्या कुलपात आहे. पेटी मी उघडली. मोजलं मी. तुम्ही याला आत्ता पहिल्यांदा हात लावताय." मास्तरांनी वही पुढे सरकवली. "सव्वीस. आता ते पंचवीस कसे झाले, ते तुमच्या बायकोला सांगा. आणि त्याआधीचे अकराही सांगा."

जावयाचा चेहरा उतरला. लेकीने वहीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मास्तरांना वाटलं होतं की या क्षणी छाती हलकी होईल. ती जड झाली. केबिनमधली रिकामी खुर्ची त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "कुलपात तुमच्याशिवाय कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग चाक तेच आहे."

"तेच आहे."

"मग तुमच्यातला एक जण चुकीचं मोजतोय. त्यात चोरी कुठे आली?"

हा मुद्दा सरळ होता, म्हणून मास्तरांना तो आधी सुचला नव्हता. "मीच मोजून दाखवतो," ते म्हणाले. त्यांनी चाक घेतलं, डावा अंगठा दातावर ठेवला आणि उजव्या हाताने फिरवत मोजलं. अंगठ्याखालचा दात परत आला तेव्हा ते खणखणीत आवाजात म्हणाले, "सव्वीस!"

"आता मोठं मोजू," लेक म्हणाली.

"मोठं कशाला? सत्तरातून वजा..."

"बाबा. मोजू."

तीस वर्षांत त्या कारखान्यात मास्तरांसमोर मोठं चाक कोणी मोजलं नव्हतं. लेकीने एका दातावर पेनाने खूण केली आणि त्याच्या पुढच्या दातापासून मोजायला लागली. तिच्या ओठांकडे बघता बघता मास्तर चाळीसपर्यंत निर्धास्त होते. चव्वेचाळीसला खुणेचा दात यायला हवा होता. त्याच्याआधी अजून एक दात उभा होता.

"पंचेचाळीस," लेक म्हणाली.

सव्वीस आणि पंचेचाळीस. मास्तरांनी मनात बेरीज केली, मग बोटांवर केली, मग वहीच्या कोपऱ्यात लिहून केली. एकाहत्तर. आजवर याच्या त्याच्या कामात एकाहत्तर सापडलं की त्यांनी त्या माणसाला आठवडाभर सोडलं नव्हतं. आता ते त्यांच्याच बाकावर पडलं होतं आणि हसणारं कोणी नव्हतं.

त्यांनी चाक पुन्हा उचललं. डाव्या अंगठ्याचं नख खाचेत घालायला गेले, आणि ते गेलं नाही.

अडीच महिन्यांपूर्वी प्रेसखाली तो अंगठा सापडला होता. नख गळून पडलं. नवीन आलं ते जाड, बोथट आणि अर्धवट. पूर्वी मास्तर नखाची कड खाचेत रोवायचे. खाच काही मोजली जात नाही, तिथून पुढचा दात पहिला आणि खाच परत आली की थांबायचं. नख गेल्यावर ते अंगठ्याचं पेर दातावर टेकवायला लागले. हात नेहमीसारखाच चालत होता, म्हणून त्यांना काही वेगळं वाटलं नाही. अंगठ्याखालचा दात सुरुवातीला 'एक' म्हणून मोजला जाई आणि फेरा संपताना तोच दात पुन्हा मोजला जाई. पुढची वजाबाकी मात्र बिनचूक. वही कधीच चुकलेली दिसली नाही, कारण ती जुळवूनच लिहिलेली होती.

आणि दुर्मीळ जोड्या? एकही आली नव्हती. चालकाची गाडी खरोखरच पहिल्यासारखी होती, कारण तिच्यात काही बदललंच नव्हतं.

मास्तर स्टुलावर बसले. बराच वेळ अंगठा न्याहाळत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"मग त्या अकरा चिठ्ठ्यांवर तुमचं अक्षर कशाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

जावई खाली बघत म्हणाला, "मी पेटी जोडताना दोन्ही चाकं मोजतो, मामा. माझी सवय आहे. चिठ्ठी चुकीची गेली तर मालक भलत्याच वेगाला टॉप गिअर टाकायला लावतात, इंजिन घुसमटतं. म्हणून चिठ्ठ्या बदलल्या. कुठली कधी बदलली ते लिहून ठेवलं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मीच म्हटलं, सांगू नका," लेक म्हणाली. "नख येईपर्यंत थांबू म्हटलं. नख आलं की आपोआप पंचवीस होईल, तुम्हाला कळायचं पण नाही. पण ते काही धड येईना, आणि तिकडून बोलावणं आलं. हे गेले असते तर तुमच्या चिठ्ठ्या कोणी तपासल्या असत्या? किल्ली काय मला कमरेला लावून मिरवायची होती?"

"म्हणजे अडीच महिने तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे मोजत होतात."

"आणि तुम्ही आमच्या."

मास्तरांनी मोठी वही ओढली. वहीत खोडायचं नाही, हाही नियम त्यांचाच. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि खाली चुकणाऱ्याची सही. "सांगा," ते म्हणाले. जावयाने डब्यातून छोटी वही आणली आणि एकेक ओळ वाचू लागला. मास्तर रेघ मारत गेले, सही करत गेले. सातव्या सहीला त्यांचं अक्षर जरा लहान झालं. अकराव्यानंतर त्यांनी कालची बारावी स्वतःहून दुरुस्त केली: पंचवीस, पंचेचाळीस. पॉइंट सातशे एक्केचाळीस.

मग कमरेची किल्ली सोडून बाकावर ठेवली. हातात दिली नाही, चाकाशेजारी ठेवली, म्हणजे उचलणाऱ्याला चाकही दिसावं.

"आजपासून दोन्ही चाकं मोजायची. वजाबाकी बंद."

"हो, मामा."

"आणि तिकडे काय कळवायचं ते कळवा. उद्या शनिवार आहे."

"आत्ताच कळवते," लेक म्हणाली आणि केबिनकडे गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तरांनी तो ऐकून घेतला.

जावयाने किल्ली उचलली. पण तो हलला नाही. हातातल्या छोट्या वहीवरचा वंगणकागद त्याने उलटसुलट करून पाहिला.

"मामा, एक विचारू? माझा डबा कोणी उघडला होता का?"

"का?"

"मी कागदाची चकचकीत बाजू आत ठेवतो. आज बाहेर आहे."

मास्तरांनी बाकावरचा पाना उचलला, बघितला, पुन्हा होता तिथे ठेवला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना जावयाबद्दल मनापासून खात्री वाटली. एवढा संशय अंगात असलेला माणूस गिअरखोलीत काही चुकू देणार नाही.

"बघतो मी," ते म्हणाले, "कोणाचं काम आहे ते."